विभावरीच्या बॅगेचा राखणदार

बॅग मी शिवली होती. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढे तुम्ही नको ते ऐकाल आणि शिलाईचं विसरून जाल. दिवा जरा अलीकडे घ्या, मला अंधारात बोलायला आवडत नाही हल्ली.

दुबईत अल क्वोजला आमची ताडपत्रीची शेड आहे. ट्रकची कव्हरं, तंबू, होड्यांची छपरं. शाळेत चौथीपुढे गेलो नाही, मास्तरशी जमलं नाही. सुईशी जमलं. माझा टाका उसवलेला कोणी दाखवावा, मी मिशी काढून हातावर ठेवीन.

गेल्या वर्षीची गोष्ट, दोन हजार दोन साल. मे महिना. शुक्रवारी मी मीना बाजारात जाड दोरा घ्यायला गेलो होतो. दोरा घेतला, येताना बायकोने, मनोरमाने, सांगितलेली कोथिंबीर घेतली, घरी आलो. बघतो तर आमची विभावरी हॉलभर सामान पसरून बसलेली आणि मधोमध दुकानातली एक निळी बॅग. पाठीवर टाकायची, लहान पोर मावेल एवढी.

"बाबा, बॅकपॅक. इम्पोर्टेड आहे," ती म्हणाली.

मी पट्टा धरून एक हिसका दिला. टर्रकन आवाज झाला.

"बाबा!"

"इम्पोर्टेड शेण. ही घेऊन तू जंगलात जाणार?"

जंगलात म्हणजे खरंच जंगलात. पोरगी इथेच, बर दुबईत जन्मली, इंग्रजी शाळेत शिकली, कार्गो ऑफिसात नोकरीला लागली. आणि ती नोकरी सोडून दक्षिण अमेरिकेत फिरायला निघाली होती. एकटी. आधी समुद्रकाठ, मग नदीतून जंगल, मग डोंगर. मनोरमा रडत होती. आमचा सुपरवायझर उल्हास म्हणाला, "रामचंद्रकाका, लोक मुलीच्या लग्नाची बॅग भरतात, तुम्ही भलतीच भरताय." मी म्हटलं, "तुझी मुलगी लिफ्टमध्ये एकटी जाते का रे? मग गप्प बस." आमच्या खानदानात पायी कोणी घाट चढून गेलं नव्हतं. ही चालली होती जगाच्या दुसऱ्या टोकाला. मी छाती काढून फिरत होतो, खोटं कशाला बोलू?

दुकानातल्या बॅगेचं माप घेतलं आणि ताडपत्रीची नवी शिवली. दुहेरी तळ, पट्ट्यांना चौपदरी शिलाई, वर धरायला मूठ. मुठीला बैल लटकवला तरी बैल फाटेल, मूठ नाही.

पण मनोरमाचं एकच पालुपद. "अहो, गाऱ्हाणं तरी घाला. पोरीच्या पाठीशी कोणीतरी हवं."

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला ही रीत आहे. कोणी लांब निघालं की गावच्या राखणदाराला नारळ ठेवायचा आणि मोठ्याने सांगायचं, बाबा रे, ह्याला सांभाळ. आणि शीव सांगायची. या शिवेपासून त्या शिवेपर्यंत सांभाळ, मग आपल्या जागी परत जा. शीव न सांगता राखणदाराला कोणी कामाला लावत नाही. लहान पोरालासुद्धा हे ठाऊक असतं.

आता आमच्या गावचा राखणदार काही समुद्र ओलांडून यायचा नाही. मग मी म्हटलं, जागा तिथे धनी. अल क्वोजच्या वाळूचाही कोणी असेलच की.

दुपारच्या सुट्टीत शेडचं शटर निम्मं खाली ओढलं. कामगार पोरं जेवून कॅम्पवर झोपायला गेली होती. मशीन बंद, पंखा बंद. वरचे पत्रे तापून टक्... टक्... वाजत होते. मेणाचा आणि नव्या ताडपत्रीचा वास एवढा दाटला होता की जीभ कडू झाली. कोपऱ्यात बॅग ठेवली, पुढे नारळ ठेवला आणि उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तेका माझा सांगणा. माझा चेडू एकटा लांब जाता हा. दर्यार, जंगलात, डोंगरात. तेच्या पाठीशी रव रे म्हाराजा..."

आता शीव सांगायची पाळी. आणि मला त्या मुलुखातलं एक नाव येईना. पोरीने दहादा सांगितलेलं, पण जिभेवर बसेल तर शपथ. मग मी म्हटलं, "जंय जंय ही बॅग जायत, थंय थंय तू जा."

गावाकडे चार माणसं मागे उभी असतात. गाऱ्हाणं संपलं की ती एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. इथे मी एकटा.

पत्र्यांची टकटक थांबली. आणि गठ्ठ्यांच्या मागून कोणीतरी म्हणालं, "व्हय... म्हाराजा."

आपल्या माणसासारखं नाही. पहिल्यांदाच शब्द तोंडात घेतल्यासारखं. सावकाश, चाखून.

मी गठ्ठे हलवून बघितले. कोणी नव्हतं. नारळ मात्र फोडायच्या आधीच तडकला होता आणि पाण्याचा थेंब जमिनीवर नव्हता.

संध्याकाळी कमरुद्दीनला सांगितलं. हा माझा जोडीदार, रत्नागिरीचा, शेजारच्या मशीनवर बसतो. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"नाव विचारलंस त्याचं?"

"नाही."

"परत कधी यायचं ते सांगितलंस?"

"नाही."

"या अल्लाह! बिनकागदाचा माणूस कामाला लावलास, रामचंद्र. आता तू त्याचा कफील. त्याने काय केलं तरी तुझ्या अंगावर येणार."

या देशात कफील म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ज्याने आणला, त्यानेच परत पाठवायचा. तोवर त्याची जबाबदारी.

विभावरी गेली.

पहिला फोन समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यातून आला. "बाबा, मजा आहे! फक्त इथली कुत्री वेडी आहेत. माझ्यावर भुंकतच नाहीत. माझ्या मागे बघून भुंकतात." मी विचारलं, बॅग कशी आहे? "एकदम लाइट. वीस किलो आहे पण कळतच नाही. यू आर अ जीनियस, बाबा!" मी शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

दुसरा फोन जंगलातून बाहेर पडल्यावर. नदीतून होडीने गेली होती. होडीवाल्याने बॅग एका बाजूला ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या बाजूला तिच्याबरोबर अजून दोघांना बसवलं, तरी होडी बॅगेकडे कलत होती. उतरताना होडीवाला विचारतो, तुमचा सोबती रात्रभर उभाच होता, त्याला बसायला का नाही सांगितलं? हे सांगून ती हसत होती. मनोरमाने फोन माझ्या हातात दिला आणि देवापुढे जाऊन बसली. मला म्हणाल तर बरं वाटलं. काम चोख चाललं होतं.

मग बरेच दिवस फोन नाही.

घरात जेवण जाईना. मनोरमा माझ्याशी बोलेना. फोन वाजला की दोघं धावायचो आणि दारात एकमेकांना धडकायचो. शेवटी वाजला तेव्हा आवाज अगदी बारीक आला.

"बाबा... मी ठीक आहे."

डोंगरात एक खिंड ओलांडत होती. धुकं आलं. बर्फासारखं गार, हात पुढे केला तर हात दिसेना. पायवाटेचा कडा पायाखालून सुटला. खाली किती खोल ते तिला कळलंच नाही, फक्त दगड गेले आणि त्यांचा पडल्याचा आवाज आला नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी बॅगेची वरची मूठ धरली आणि तिला वर ओढलं.

"मूठ तुटली?" मी विचारलं.

"नाही बाबा."

"तुटणारच नाही. चौपदरी आहे."

"बाबा, ऐक ना. ओढलं त्याने मला... पण मग तो घसरला. मी आवाज ऐकला. तुझ्या गावच्या भाषेत काहीतरी ओरडला. आणि मग खूप वेळ धुक्यात मी एकटी बसले होते. आणि उठले तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"बॅग जड झाली होती. आणि थंडगार."

ती सप्टेंबरात परत आली. काळी पडलेली, गालफडं बसलेली, पण चाल बघावी! एअरपोर्टवर ट्रॉली न घेता बॅग पाठीवर टाकून अशी आली की लोक वाट देत होते. मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, माझी मुलगी. आणि बॅगसुद्धा माझी.

घरी बॅग रिकामी केली. रिकामी बॅग मला एका हाताने उचलेना. ताडपत्रीवर हात ठेवला तर ओल्या दगडावर ठेवल्यासारखा. विभावरी पहाटेची दचकून उठायची, म्हणायची, खोलीत कोणीतरी कुडकुडतंय. पोरगी खाईना, नोकरी शोधायला जाईना, बॅगेकडे पाठ करून बसेना. जंगल पालथं घालून आलेली माझी पोर घरात घाबरून बसली, हे मला बघवेना.

मी म्हटलं, खलास. मी ठेवला, मी काढतो.

बॅग शेडमध्ये नेली. कमरुद्दीन बरोबर होता, पण तो शटरच्या बाहेर उभा राहिला. म्हणाला, "मी इथूनच ऐकतो." त्या दुपारी वाळूचं वादळ उठलं होतं. बाहेर उजेड पिवळा, आत काळोख. शटरच्या फटीतून वाळू सळसळत आत येत होती. तोंडात, डोळ्यांत. मी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! तू चोख काम केलंस. माझा चेडू सुखरूप इला. तुझो मी ऋणी आसय. आता हो नारळ घे, तेची पाठ सोड, आणि आपल्या जाग्यार परत जा रे म्हाराजा!"

थांबलो. वाळू सळसळत होती.

आवाज आला. गठ्ठ्यांमागून नाही. बॅगेतून, तळातून. म्हाताऱ्या माणसाचा, थंडीने दात वाजत असल्यासारखा.

"मानान."

एकच शब्द. पुन्हा काही नाही. बाहेर आलो तर कमरुद्दीनचा चेहरा पांढरा. "काय म्हणाला?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक? आपल्यातलं नाही."

घरी येऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "विभा, मानान म्हणजे काय गो?"

तिच्या हातातला चमचा खाली आला. "कुठे ऐकलंस?"

"तू सांग."

"डोंगरातली जुनी माणसं बोलतात, खिंडीजवळच्या गावातली. बाबा, त्यांच्या भाषेत ते 'नाही' आहे."

दुसऱ्या दिवशी कमरुद्दीनला सांगितलं. तो मशीनला तेल घालत होता.

"मग तुझा माणूस तिकडेच राहिला, रामचंद्र. खिंडीत. त्याच्या जागेवर हा आला. जागा रिकामी असली की कोणीतरी येतंच. आपण नाही का आलो?"

"पण हा जायला का नको म्हणतो?"

"तू त्याला त्याच्या जागेवर जा म्हणालास. त्याची खिंडीतली जागा आता तुझ्या माणसाकडे आहे."

बॅग मी शेडमध्येच ठेवली, गठ्ठ्यांच्या कोपऱ्यात. मुलीच्या पाठीवरून उतरलं ना, मग माझ्या डोक्यावर राहू दे. मी कफील आहे. विभावरी आठवड्याभरात जेवायला लागली, नोकरीला लागली, हसायला लागली. आणि शेडमधला तो कोपरा गार पडला. यंदाच्या उन्हाळ्यात बाहेर पत्र्यावर पोळी भाजेल असं ऊन, आणि त्या कोपऱ्यात पोरं दुपारची चादर घेऊन झोपायची. उल्हास म्हणायचा, काका, इथे हवा कुठून येते? मी म्हणायचो, पुण्याई आहे, गप झोप. रोज सकाळी मी तिथे हात लावून बघायचो. गार लागला की मनात म्हणायचो, आहे. इथेच आहे. पोरीकडे नाही.

या जूनमध्ये विभावरी पुन्हा निघाली. तिकडेच. राहिलेले डोंगर बघायचेत म्हणाली. मनोरमा पुन्हा रडली. मी अडवलं नाही. माझी मुलगी भिऊन घरात बसणारी नाही, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं, आणि मलाही बघायचं होतं. फक्त बॅग दुकानातली घे म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानातल्या शिलाईला हात जोडले.

तिला सोडून दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो. पोरं कोपऱ्यातून चादरी उचलून बाहेर येत होती, घामाने भिजलेली. मी कोपऱ्यातल्या पत्र्याला हात लावला. हात भाजला. माझी बॅग हलवून बघितली. रिकामी बॅग असते तेवढीच हलकी.

तिने परवा फोन केला. त्याच खिंडीतून खाली उतरली म्हणाली. आवाज मोकळा, हसरा. "बाबा, रागावू नकोस, पण ही दुकानातली बॅग तुझ्या बॅगेपेक्षा हलकी आहे हं. कळतसुद्धा नाही."

दुकानातली बॅग कधी हलकी नसते. मी नुसतं बरं म्हटलं. कमरुद्दीनला सांगितलं नाही, तो पुन्हा खिंडीत कोण राहिलं आणि पोरीच्या जागेवर कोण येतंय ते बोलायला लागेल.

रविवारी तिचं विमान आहे. मनोरमा म्हणते, लवकर जाऊन अगदी दाराशी उभे राहू, पोर बाहेर आली की आधी आपणच दिसलो पाहिजे. मी म्हटलं, नाही. आपण मागे खांबाआड उभे राहायचं. मी सांगेपर्यंत हाक मारायची नाही.

आधी मला तिचं चालणं बघू दे.