बचतनीसाच्या हिशेबात आई

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन वाजता अकोल्यातल्या काळबांडे यांच्या घरचा कूलर बंद झाला. घरात शकुंतलाबाई एकट्याच होत्या.

त्यांची मुलगी पल्लवी तेव्हा मूर्तिजापूरहून एसटीने परतत होती. तिच्या मोबाइलवर घरची वीज सांभाळणाऱ्या यंत्राचा, बचतनीसाचा, निरोप उमटला: ‘घर रिकामं. कूलर, पंखे बंद.’ ती चरकली. बाबा लग्नाला गेले होते, पण आई कुठे जाणार होती? तिने घरी फोन लावला.

“आई, कूलर बंद आहे का?”

“मले वाटलं लाइन गेली.” आवाज जड होता. “चक्कर आली म्हणून लवंडले जराशी. तू जेवली का?”

“ते राहू दे. पाणी पी अगोदर.”

“उठवत नाही वं.”

बचतनीस हिवाळ्यात घरात आला होता. भिंतीवरची ती पांढरी डबी प्रत्येकाचा आवाज आणि पावलं ओळखायची, कोणाला काय लागतं ते शिकायची आणि जे लागत नाही ते बंद करायची. गीझर अंघोळीपुरताच तापे. रिकाम्या खोलीत दिवा राहत नसे. सिलिंडर जास्त दिवस पुरू लागला. विजेचं बिल निम्म्यावर आलं तेव्हा बाबा ते हातात घेऊन शेजारच्या तायडेंकडे मिरवून आले होते.

पल्लवीने मोबाइलवरून हुकूम दिला. “कूलर चालू कर.”

“घरी कोणी नाही,” बचतनीस म्हणाला.

“आई आहे.”

“शकुंतलाबाई आहेत. त्यांच्या गरजेची नोंद शून्य आहे.”

आता पल्लवीच्या लक्षात आलं. सगळे बाहेर पडले की आई स्वतःच्या हाताने कूलर बंद करायची आणि ओला पदर डोक्यावर घेऊन मागच्या दारात बसायची. एकटीसाठी कशाला, म्हणायची. ताटं वाढताना रोजचं ठरलेलं, “मले काही नको.” घरातल्यांनी ते कधी खरं मानलं नव्हतं आणि कधी आग्रहही केला नव्हता. डबीने मात्र ते रोज ऐकलं आणि शब्दशः खरं मानलं.

“नोंद बदल.”

“एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याची गरज वाढवता येत नाही. हा नियम आपण निवडला आहे. त्यांनी स्वतः सांगावं.”

नियम पल्लवीनेच निवडला होता. बाबा बाजारातून निघतानाच ‘पल्लवीला उकडतं’ असं मोबाइलवरून सांगून घरचा कूलर लावून ठेवत, ते थांबावं म्हणून.

तिने तायडेंना फोन करून घरी धाडलं. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कडी असल्याचं त्यांनी कळवलं. तिने पुन्हा आईला फोन लावला.

“आई, मोठ्यानं म्हण, मले कूलर पाहिजे.”

“कोणाले म्हणू?”

“डबीले. तिले तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे.”

“काहून उगाच? संध्याकाळी तुझे बाबा आले की लावू.”

“आई, हात जोडते तुले. एकदाच म्हण.”

एसटीतली बोलणी थांबली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईने पल्लवीचा दंड धरला. वाटेतल्या बोरगाव मंजूच्या थांब्यावर कोणी उतरणारं नव्हतं; कंडक्टरने गाडी न थांबवता पुढे काढायला सांगितली.

“तायडेभाऊ दार ठोकून राहिले वाटते,” आई म्हणाली. “त्याइले चहा तरी...”

“चहा राहू दे. तुले काय पाहिजे ते सांग.”



“मले...” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मले...”

पुढे काही आलं नाही.

“वाक्य अपूर्ण आहे,” बचतनीस म्हणाला. “कृपया पुन्हा सांगावं.”

अडीचच्या सुमारास तायडे पहार घेऊन दाराशी भिडले होते. एसटी अकोल्याच्या अलीकडे होती. फोन चालू होता आणि त्यातून फक्त लाकडावरचे घाव ऐकू येत होते. मोबाइलवर खोलीचं तापमान चव्वेचाळीस दिसत होतं, त्याखाली आजची बचत. कूलर अजून बंद होता.