फायटरची पिल्लं आणि तीन पायांचे ठसे

अंदाजे दोनशे.

"मोजू नकोस माज, हलतात ती!" बहीण म्हणाली.

"मग वहीत काय लिहू? लई?"

शेवटी दहा वर्षांच्या माजनं 'अंदाजे दोनशे' लिहिलं. तेर गावातल्या त्यांच्या अंगणात, कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या टाकीत, फायटर माशाची पिल्लं कालपासून पोहायला लागली होती. पापणीच्या केसाएवढी!

मासे त्यांच्या आजोबांचे, गफारनानांचे. नाना मागच्या महिन्यात गेले. ही शेवटची जोडी त्यांनी निवडून ठेवली होती; टाकीत सोडली ती माजच्या बहिणीनं, तेरा वर्षांच्या तरन्नुमनं. आता पिल्लांना काय घालायचं, तेही तिलाच ठरवायचं होतं.

शेजारच्या मोनिकानं दुकानातली पुडी पुढं केली. "हे दाणे घाल की."

"एक दाणा म्हणजे ह्यांना कलिंगड! तोंडात शिरेल का?"

"बिस्किटाचा चुरा?" माजनं विचारलं.

"तो तू खा."

तरन्नुमला नानांचं मडकं आठवत होतं. पाण्यात केळीची साल टाकून उन्हात ठेवायचं. पाणी आधी गढूळ होतं, वास मारतं, मग निवळतं. त्या निवळलेल्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. पिल्लांचा पहिला घास तोच. जोडी सोडली त्याच दिवशी तिनं मडकं भरून ठेवलं होतं.

चार चमचे. मोजून.

एकशे चाळीस.

सकाळी पाणी दुधाळ झालं होतं. मेलेली पिल्लं कडेला चिकटली होती.

"तू जास्त घातलंस!" माज ओरडला.

"चारच घातले!"

तळाशी पांढरा, चिकट थर होता. तरन्नुमनं तो बोटावर घेऊन हुंगला. आंबट! "हे आपल्या मडक्यातलं नाही. कुणीतरी टाकलंय."

साठ.

तिघांनी थोडंथोडं करून पाणी बदललं होतं. तरी पुन्हा तेच!

"उन्हानं मरत असतील," अम्मी घाईत म्हणाली. "सुट्टी आहे ना? खेळा बाहेर जाऊन."

तरन्नुम खेळायला गेली नाही. तिनं चुलीतली राख टाकीभोवती पसरली.

"मासे राख खातात?" माजनं विचारलं.

"गप रे. येणारा उडत येत नसेल तर कळेल."

सव्वीस.

राखेत अनवाणी पावलं उमटली होती. शेजारी एक गोल खड्डा, पुढं आणखी एक.

"तीन पायांचा चोर!" माज ओरडला.

मोनिका हसली नाही. ठसे पुसायला तिनं पाय पुढं टाकला. मग मागं घेतला.

"आमच्या आबांची काठी हाय ती," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच तिघंही टाकीशी येऊन उभी राहिली. बिभीषणआबा आले. खिशातून कणकेच्या गोळ्या काढल्या.

"आबा, थांबा!"

"माशांना घालतोय, पोरी. गफार आन् म्या, चाळीस वर्सं रोज सकाळी तेरणेत टाकायचो. औंदा नदीत पाणी न्हाय. गफार बी न्हाय. पर गोळ्या मळल्याबिगर सकाळ व्हत न्हाय मला."

तरन्नुमचा आवाज चढला. "ही नदीतली मोठी मासळी नाही, आबा! ह्यांना गोळी खाताच येत नाही. कणीक कुजते, पाणी कुजतं. नानांची पिल्लं मेली त्यानं!"

माजनं वही उघडून धरली. दोनशे. एकशे चाळीस. साठ. सव्वीस.

आबांची मूठ गोळ्यांवर मिटली.

"म्या मारली?"

माजनं 'सव्वीस'वर बोट ठेवलं.

मोनिकानं आजोबांच्या हातातल्या गोळ्या काढून घेतल्या आणि चमचा दिला. "मडक्यातलं घाला. चारच."

"नुसतं पाणी?"

तरन्नुमनं नानांचं भिंग आणलं. भिंगाला डोळा लावून आबांनी काचेच्या पेल्यातलं मडक्याचं पाणी बघितलं. "आरं! आख्खं गाव पळतंय ह्यात!"

एक, दोन, तीन, चार. पाचव्याला माजनं हात धरला. "आबा!"

"व्हय बाबा, व्हय."

तरी संध्याकाळपर्यंत सात मेली. पाणी आधीच बिघडलं होतं. आबांनीच ती चमच्यानं उचलली, कडुनिंबाच्या मुळाशी पुरली.

"मी उन्हाला दोष देऊन मोकळी झाले," अम्मी म्हणाली. "तुम्ही मात्र शोध सोडला नाहीत."

"शाब्बास, पोरांनो," आबा म्हणाले. "चाळीस वर्सं माशांना घालतोय. त्यांच्या तोंडाकडं कधी बघितलंच न्हवतं."

एकोणीस.

पुढच्या सकाळी आबांनी चार चमचे घातले आणि भिंगातून मोजायला बसले. दोनदा मोजलं. मग माजला म्हणाले, "लिही."

एकोणीस.