बरूला कोण पाजतंय?

"रेबीन! ए रेबीन! तुती खाणं पुरे, वर ये लवकर! बरू पुन्हा फुगलाय!"

शिलेरची हाक तीन छपरं ओलांडून खालच्या तुतीच्या झाडापर्यंत पोचली. झाडावरचा रेबीन उतरला नाही, घसरलाच! दोन जिने, एक बोळ आणि पुन्हा एक जिना असा पळत तो अंगणात आला. त्याच्या मागे शिलेरचा धाकटा भाऊ झाना, तोंड तुतीनं जांभळं झालेला.

लाकडी पेटीत लोकरीच्या चिंधीवर बरू पडला होता. खारीचं पिल्लू, मुठीत मावेल एवढं. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र ढोलासारखं! श्वास घेताना नाकातून बारीक टिक्-टिक् आवाज येत होता.

"मी सकाळी मोजून पाजलं," रेबीन धापा टाकत म्हणाला. "चार ड्रॉपर. शेळीचं दूध, पाणी घालून. डॉक्टरांनी सांगितलं तस्संच!"

"मग हे काय? भूत येऊन पाजून गेलं?"

"मला काय माहीत!"

कुणालाच काही माहीत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

पाच दिवसांपूर्वी शेळ्या शोधताना तिघांना डोंगरावर एक नुकतंच तोडलेलं ओकचं झाड दिसलं होतं. खोडाखाली खारीण चेंगरलेली, आणि फुटलेल्या ढोलीत तीन पिल्लं. दोन गार पडलेली. तिसऱ्यानं शिलेरच्या बोटाला नाक लावलं. झाड कुणी तोडलं, देव जाणे! ओकच्या फळाला त्यांच्या भाषेत बरू म्हणतात, म्हणून पिल्लाचं नाव बरू. त्याला शर्टाच्या आत घेऊन तिघं मिनीबसनं शहरात गेले. जनावरांच्या डॉक्टर, निश्तमानबाईंनी पिल्लू उलटसुलट करून बघितलं.

"जगेल असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "ऊब द्या. दर तीन तासांनी थोडंसं दूध. पोट फुगलं तर दूध बंद, नुसतं मीठसाखरेचं पाणी. आणि गाईचं दूध चुकूनही नको!"

तेव्हापासून रोज तेच चाललं होतं. सकाळी बरू टवटवीत, दुपारी फुगलेला!

"तू लाडानं जास्त पाजतोस," शिलेर एकदम म्हणाली. "खरं सांग. तुला वाटतं, बिचाऱ्याला भूक लागली असेल. हो ना?"

रेबीन सनंदज शहरातून सुट्टीत मामाकडे, म्हणजे शिलेरच्या घरी आला होता. प्राण्यांची पुस्तकं वाचून वाचून त्याला सगळं ठाऊक असायचं. आता मात्र तो पेटीजवळचा ड्रॉपर उचलून उलटासुलटा करून बघायला लागला. त्याला स्वतःचीच शंका यायला लागली. ड्रॉपर मोजताना चुकलो असू का? चारचे पाच झाले असतील का?

"मी उद्याच्या गाडीनं घरी जातो," तो कसाबसा म्हणाला.

"जा ना! आणि ह्याचं काय?"

"अरे, भांडताय काय?" झाना ओरडला. "वजन करा ना त्याचं! आजोबांचा चहा तोलायचा तराजू आहे की!"

दोघं त्याच्याकडे बघतच राहिले. आठ वर्षांचं पोरटं, पण बोललं बरोबर!

तराजूला वजनं सापडली नाहीत, म्हणून एका पारड्यात राजम्याचे दाणे टाकले. एकशे बेचाळीस दाण्यांना पारडी समान झाली. मग त्याला दोन थेंब पाणी देऊन, पेटी ओसरीच्या सावलीत ठेवून तिघं शेळ्यांना पाला आणायला गेले. तासाभरानं परतले आणि पुन्हा वजन केलं.

"एकशे पन्नास... एक्कावन्न... बावन्न... त्रेपन्न!" झानाचे डोळे विस्फारले. "अकरा दाणे वाढला! हवा पिऊन?"

शिलेरनं रेबीनकडे बघितलं. तासभर रेबीन तिच्याबरोबरच होता. पाल्याचा भारा त्याच्याच पाठीवर होता.

"चुकले मी," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं ना? परत नाही म्हणणार!"

रेबीन हसला, आणि गाडीचा विषय तिथंच संपला.

म्हणजे दुसरंच कुणीतरी पाजत होतं. पण कोण? डोंगरउतारावरच्या त्या गावात शिलेरचं अंगण म्हणजे खालच्या फत्ताहकाकांचं छप्पर, आणि झऱ्यावर जायची वाट याच अंगणातून! दिवसभरात निम्मं गाव पेटीजवळून जायचं.

"फत्ताहकाका," झाना कुजबुजला. "पहिल्याच दिवशी ओरडले होते, खारी पाळताय, त्या माझे अक्रोड फस्त करतील म्हणून! मी त्यांना दोनदा पेटीपाशी बघितलंय. ते विष घालत असतील!"

"विषानं वजन वाढतं का रे, शहाण्या?" शिलेर म्हणाली खरी, पण तिनं पेटी स्वतःजवळ ओढून घेतली.

"हात पकडायला हवेत," रेबीन म्हणाला. "म्हणजे खरेखुरे हात! हिरव्या अक्रोडाची साल कुटली की रस निघतो ना? लागतो तेव्हा कळतही नाही, आणि मग..."

"आठवडाभर हात काळे!" शिलेरनं टाळीच वाजवली.

झाकणाला रस चोपडला. स्वतः उघडताना चिंधी धरायची, असं ठरलं. मुलं मुद्दाम मोठ्यानं ओरडत झऱ्याकडे गेली. "आम्ही चाललो हो! बराच वेळ येणार नाही!"

संध्याकाळी बरू चौदा दाण्यांनी जड झाला होता. आता तो डोळेच उघडेना. झानानं त्याला छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा दिवस. अंगणात सतरंजी पसरली होती. चहा, पनीर, गरम रोटी असं सगळं मांडलेलं. शेजारच्या नर्मीनकाकू आणि फत्ताहकाका नेहमीप्रमाणे चहाला आले. तिन्ही मुलं खाणं सोडून सगळ्यांचे हात बघत बसली.

फत्ताहकाकांनी रोटी तोडली. हात स्वच्छ!

शिलेर गोंधळली. रेबीननं डोळे चोळले. मग झानानं त्याला कोपर मारलं. "आजोबा बघ!"

आजोबा डाव्या हातानं चहा पीत होते. उजवा कमरेच्या शेल्यात खुपसलेला!

"आजोबा, हात दुखतोय का?"

"हं? छे! गार वाटतंय जरा."

"उन्हाळ्यात?"

तेवढ्यात आई रोटी घेऊन आली. मनगटापर्यंत पीठ! "आई, रोट्या झाल्या ना सगळ्या? हात धू की!" शिलेर म्हणाली. आई लाल झाली. आणि नर्मीनकाकूंनी दोन्ही तळव्यांवर गडद मेंदी लावली होती.

"कुणाचं लग्न आहे, काकू?"

"लग्न... नाही बाई... सहज!"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चोर एक नव्हता. तीन होते! आणि ज्याच्यावर संशय होता, तोच सुटला होता. हे काय चाललंय तरी काय?

शिलेर उठली. पेटी आणून तिनं सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि झाकण काढलं. बरूचं पोट टम्म, तोंड उघडं.

"हा मरतोय," ती म्हणाली. "कुणी काय दिलं ते आत्ता सांगा. मला डॉक्टरांना फोन करायचाय."

आजोबांनी शेल्यातून हात बाहेर काढला. बोटं काळीकुट्ट!

"चहा," आजोबा खाली मान घालून म्हणाले. "साखरेचा. दोनच थेंब. चहानं कुणी मेलंय का?"

"मी गाईचं दूध," आई म्हणाली. "तुम्ही पोरं थेंब थेंब देता. माझ्यानं बघवेना."

"ताक," काकू म्हणाल्या. "पोटाला बरं म्हणून. मला वाटलं, मी एकटीच!"

"मलाही तसंच वाटलं!" आजोबा आणि आई एकदम म्हणाले.

"मी अक्रोड," फत्ताहकाका म्हणाले.

सगळे वळले.

"चावून, मऊ करून. झाकण नाही उघडलं, फटीतून काडीनं दिलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "ते झाड मी तोडलं होतं. मुलीच्या घराला तुळई हवी होती. वाळलेलं होतं, म्हणून वर बघितलंच नाही. हा मेला असता तर चारही माझ्या नावावर गेले असते."

काकांवर ओरडायचं झानानं कधीपासून ठरवून ठेवलं होतं. आता त्याला ओरडावं की काकांजवळ जाऊन बसावं, तेच कळेना. शेवटी तो जाऊन बसला.

फोनवर निश्तमानबाईंनी दोन मिनिटं सगळ्यांना झाडलं, आजोबांनासुद्धा! मग काय करायचं ते सांगितलं. दिवसभर नुसतं पाणी, पोटाला कोमट बाटली, ओल्या कापडानं हलकेच चोळणं. रेबीननं कोळशानं भिंतीवर लिहिलं, 'मोठ्यांनी हात लावू नये'. पण आजोबांना पाणी गरम करायचं काम मिळालं, आईला चिंध्या धुवायचं. नर्मीनकाकू झऱ्याच्या वाटेवर पहारा द्यायला बसल्या आणि स्वतःच्या चुलत्यालाही पेटीजवळून जाऊ देईनात.

दुपार गेली, दुसरी सकाळ गेली. पोट तसंच. आपण करतोय ते बरोबर की चूक, हेच कुणाला कळेना.

आणि मग झाना अंगणातून किंचाळला, "शी केली! बरूनं शी केली!"

वरच्या तीन आणि खालच्या दोन छपरांवर माणसं जमा झाली. आजोबांनी शी बघितली, मान डोलावली आणि रेबीनला आपल्या गादीवर, आपल्या जागी बसवून स्वतःच्या हातानं चहा दिला. "मोठे आम्ही," ते म्हणाले, "आणि अक्कल तुम्हाला. हे काही बरं नाही झालं!"

उन्हाळा सरता सरता बरूची शेपटी झुपकेदार झाली. फत्ताहकाकांनी एक पोकळ ओंडका कोरून, पाठीवर वाहून, डोंगरावरच्या जुन्या ओकला उंच बांधला. सोडायच्या दिवशी निश्तमानबाईही आल्या. त्यांनी बरूचं पोट दाबलं, दात बघितले.

"हा आठवडाभर टिकेल असंही मला वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला नसतं जमलं. माझ्याकडे तीन माणसं नाहीत दर तीन तासांनी उठायला."

शिलेरनं पेटी उघडली. बरू बाहेर आला, खोडापाशी थबकला. रेबीननं शेवटचं कुरवाळायला बोट पुढं केलं आणि कच्च!

"चावला!" रेबीन ओरडला. बोटातून रक्त आलं. "मला चावला! मी ह्याला अडीच महिने..."

"शाब्बास!" निश्तमानबाई म्हणाल्या. "आता तो माणसांना भितो. म्हणजे जगेल."

बरू सरसर वर गेला. पान हललं, मग वरचं पान हललं, मग काहीच दिसेना. रेबीन बोट तोंडात धरून वर बघत राहिला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते.

"दुखतंय का रे?" शिलेरनं विचारलं.

"खूप," तो म्हणाला, आणि हसतच सुटला.