दुसरं टिंब

जुन्या सेटमध्ये भूत नसतं, ढिला सांधा असतो. विश्रामबागेतल्या माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून मी हे कितीतरी जणांना सांगितलंय, आणि स्वभाव तापट असल्यामुळे दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला जरा मोठ्यानंच सांगितलंय. म्हणून जयराज फोनवर म्हणाला, "मतीनभाई, आप्पांचा सेट आपोआप वाजतोय," तेव्हा मी हत्यारांची पिशवी उचलली आणि इस्लामपूरची एसटी धरली.

जयराजचे वडील आप्पासो सैन्याच्या सिग्नलमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हॅम रेडिओचं, म्हणजे घरबसल्या हौसेनं बिनतारी संदेश पाठवायचं वेड मला त्यांनीच लावलं. त्यांच्याकडं सेटची जोडी होती: ऐकायचा रिसीव्हर वेगळा, टिंब-रेघांचा मोर्स पाठवायचा ट्रान्समीटर वेगळा, दोन्ही काचेच्या व्हॉल्व्हचे, वयानं माझ्याहून मोठे. दिवाळीनंतर आप्पासो वारले आणि जोडी तशीच टेबलावर राहिली.

दारातच जयराजनं मला बाजूला घेतलं. "आई दिवसभर कानाला हेडफोन लावून बसती. म्हणती, आप्पा बोलत्यात. शिरवळच्या वृद्धाश्रमात जागा धरलीय, पण ही हलंना. तुमी फक्त सांगा, सेट मेलाय, आवाज तिच्या डोक्यात हाय."

"फोनवर तुम्हीच म्हणालात ना, वाजतोय म्हणून?"

"व्हय. पर ते तिला कशाला सांगायचं?"

माझं डोकं तिथंच फिरलं. स्वतःच्या कानांनी ऐकायचं आणि आईला वेडी ठरवायचं! पण सेट बघायचा होता, म्हणून मी दात आवळून आत गेलो.

जयराजची आई, विजयमालाकाकी, खुर्चीत बसल्या होत्या. एका कानावर हेडफोन, आणि उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांडीवर वाजत होतं. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना ऐकून ऐकून त्या मोर्स शिकल्या होत्या. त्यांचं दुसरं टिंब नेहमी उशिरा यायचं. आप्पासो चिडवायचे, "हिच्या दुसऱ्या टिंबाची एसटी चुकती."

"आलास व्हय, मतीन," त्या म्हणाल्या. "खोल बाबा. पर मोडू नगंस."

मी दोन्ही पेट्या उघडल्या. तापलेल्या धुळीचा वास आला. रिले चिकटला होता, तो साफ केला. एक कंडेन्सर फुगला होता, तो बदलला. म्हटलं, सापडला सांधा. मग एरियल काढून त्या जागी छोटा बल्ब जोडला. ट्रान्समीटर बोलला की बल्ब लागतो आणि लहर घराबाहेर जात नाही. मोर्स वाजवायची की सोडवून काकींच्या मांडीवर ठेवली. आता वाजवायला काही उरलंच नव्हतं.

बल्ब लागला.

रिसीव्हरमधून मोर्सचा सूर आला. आधी आप्पासोंचं नाव. त्यांचा अंगठा आखडलेला असल्यामुळे रेघ लांबायची; ती तशीच लांबली. मोर्सवाल्याचा हात आवाजासारखाच ओळखता येतो, आणि या हातानं मला शिकवलं होतं.

मग दोन टिंबं.

आम्हा मोर्सवाल्यांत रीत आहे. बोलणं संपलं की एकानं दोन टिंबं द्यायची, समोरच्यानं दोन परत करायची. तो निरोप. तो परत आल्याशिवाय आप्पासो खुर्चीतून उठत नसत, मग ताट गार होवो नाहीतर पाहुणे ताटकळोत.

मी सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या. भिंतीतला प्लग उपसला. व्हॉल्व्हचा तांबूस उजेड हळूहळू गेला.

बल्ब लागत राहिला. दोन टिंबं. शांतता. दोन टिंबं.

"रोज निरोप मागत्यात," काकी म्हणाल्या. "मी देत न्हाई. दिला की जात्यात."

"बघितलंत?" जयराज म्हणाला. "ही अशी बडबडती."

"अहो, बल्ब दिसत नाही का तुम्हाला?" मी ओरडलो. "लाज वाटू द्या जरा!"

त्यानं बल्बकडे बघितलं. तोंड लालबुंद झालं. भीती होती की राग, मला कळलं नाही. त्यानं आईच्या मांडीवरची की ओढली आणि टेबलावर आपटली.

"हे बघ, मी देतो निरोप. लहानपणी शिकवलंय मला बी. पलीकडं कोण न्हाई, कळलं?"

"नको रं!" काकींनी त्याचं मनगट धरलं.

त्यानं हात झटकला आणि दोनदा वाजवली. कुठंही न जोडलेली की.

बल्ब विझला.

काकींनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली. "गेले," म्हणाल्या. एवढंच.

"झालं बंद," जयराज म्हणाला. "चहा घेणार?"

त्याला चपलेनं मारावंसं वाटलं. त्याच्याच घरात उभा राहून मी त्याला नाही नाही ते बोललो आणि बल्ब, वायरी तशाच टाकून निघालो.

काकींना शिरवळला नेलं. उन्हाळा संपायच्या आत त्या तिथंच वारल्या. मी मातीला गेलो, जयराजशी बोललो नाही.

काल त्याचा फोन आला. "सेट घेऊन जा," म्हणाला आणि ठेवून दिला. मी गेलो ते मनातल्या मनात भांडत गेलो.

दार उघडंच होतं. साखर कारखान्याच्या मळीचा वास घरभर भरला होता. जयराज आईच्या खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली, एका कानावर हेडफोन. मी उपसलेला प्लग तसाच जमिनीवर पडला होता, त्यावर धूळ होती.

"आणा इकडं," मी म्हणालो. "हा सेट ठेवायची तुमची लायकी नाही."

त्यानं हेडफोन कानावर आणखी घट्ट दाबला.

बल्ब लागला. एक टिंब.

मग जरा थांबून, उशिरा, दुसरं.

माझा हात सवयीनं कीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय, डोक्याला विचारत नाही.

जयराजनं माझं मनगट धरलं.

"नको रं," तो म्हणाला.

राग तसाच होता, तरी मी खाली बसलो. बल्ब पुन्हा लागला. एक. आम्ही दोघंही दुसऱ्या टिंबाची वाट बघू लागलो.