'माझी मुलगी तर इथेच बसलीय'

हे वाचून तुम्ही मला वेड्यात काढाल. काढा. माझ्या सख्ख्या भावानेही काढलंय. पण हे माझ्याच बाबतीत घडलं, आणि भर दुपारी घडलं. अंधार नव्हता, वारा नव्हता, दिवेही गेले नव्हते.

गेल्या नोव्हेंबरमधला गुरुवार. दुपारचे पावणेतीन.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. तिसरा मजला. दोन खोल्या, मधे अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला बाथरूम.

आईला विसरायचा आजार जडून चार वर्षं झाली. आधी चष्मा विसरायची, मग गॅस, मग बाबा गेलेत हे. मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'हा कप.' 'कपड्यांचं कपाट.' 'बाहेर जायचं नाही.' एकदा तिने ही शेवटची चिठ्ठी उचकटून माझ्या पाठीवर चिकटवली आणि पोट धरधरून हसली.

तसं काही चुकलं नव्हतं तिचं. चार वर्षांत मी धड बाहेर पडलेच नव्हते. काम घरूनच. एका कुरिअर कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायचे. लोक खेकसायचे, मी 'सॉरी' म्हणायचे. मधल्या वेळात आईची आंघोळ, औषधं, जेवण.

आई वॉकर धरून चालते. त्याच्या पायांची रबरं झिजलीत, म्हणून फरशीवर आवाज येतो. टक... टक... ती घरात कुठे आहे, हे मला न बघता कळतं.

त्या दुपारी तिने चादर ओली केली होती. मी तिला पुसलं, गाऊन बदलला, बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. वॉकर घडी करून कपाटाला टेकवला. बारीक गॅसवर दूध ठेवलं आणि चादर घेऊन बाथरूममध्ये गेले.

दार उघडंच होतं.

मी वाकून चादर भिजवत होते...

दार हळूच लोटलं गेलं.

आणि बाहेरून कडी लागली.

"आई, चेष्टा नको गं. उघड."

मी दार ढकललं. हललं नाही.

मग माझ्या लक्षात आलं... टक टक ऐकूच आलं नव्हतं. ना येताना, ना जाताना.

आतली कडी मीच काढून टाकली होती, आई स्वतःला कोंडून घ्यायची म्हणून. बाहेरची तशीच राहिली होती. खिडकीतून मांजर शिरायचं, त्याच्यासाठी. फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर.

मी दार बडवलं. "आई! कडी काढ! मी आत अडकलेय!"

लांबून आईचा आवाज आला. बाहेरच्या खोलीतून.

"कोण आहे आत?"

"मी! तुझी मुलगी!"

मग आई बोलली, पण माझ्याशी नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"ऐकलंस का? म्हणे तुझी मुलगी! माझी मुलगी तर इथेच बसलीय."

आणि कोणीतरी हसलं.

बारीक. तोंडावर हात ठेवून हसावं तसं.

मी तशीच हसते.

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला. करपल्याचा वास बोळातून आत आला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "गॅस! आई, गॅस!"

खट्.

गॅस बंद झाला.

आईला गॅसचं बटण फिरवता येत नाही. दीड वर्ष झालं.

बाथरूमच्या खिडकीतून मांजर शिरेल, माणूस नाही. मी तिथे तोंड लावून खालच्या मजल्यावरच्या काकूंना हाका मारल्या. त्या शिवणकाम करतात, दुपारी घरीच असतात. मशीन थांबलं. जरा वेळाने आमची बेल वाजली.

सुटले, असं वाटलं.

दार उघडल्याचा आवाज आला. कुजबुज. मग... दार बंद.

बोळात कोणीच आलं नाही.

मी ओल्या चादरीवरच बसले. बाहेर आईच्या गप्पा रंगल्या होत्या. "हळू गं, गुंता आहे," म्हणत होती. मधूनच खुदखुदत होती. खरं सांगते, भीतीच्याही आधी मला राग आला. वर्षभरात ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती.

किती वेळ गेला, कळलं नाही. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत निघून गेलं. आणि आईचं बोलणं मधेच थांबलं.

दाराखालच्या फटीत सावली आली.

दोन पायांची. वॉकरचे चार पाय त्यात नव्हते.

"झालं का? येऊ का आत?"

आई आंघोळीला बसली की मी रोज दाराबाहेरून हेच विचारते. ह्याच शब्दांत.

ह्याच आवाजात...

माझ्या तोंडून कसंबसं "नको" निघालं.

सावली हलली नाही. मग कडी सरकली. अगदी हळू. आणि फट रिकामी झाली.

दार ढकलायला मला बराच वेळ लागला.

बोळात कोणी नव्हतं. आई खुर्चीतच झोपली होती. वॉकर घडी करून कपाटाला टेकलेला, मी ठेवला होता तसाच. घड्याळात पाच चाळीस.

रोज मी घाईत आईच्या केसांना नुसता चाप लावते. आता दोन वेण्या होत्या. भांग सरळ. नखं कापलेली. औषधाच्या डबीतला गुरुवार संध्याकाळचा खण रिकामा.

मी खाली काकूंकडे धावले. "काकू, तुम्ही वर आला होतात ना?"

"आले होते की. तूच तर दार उघडलंस! फटीतूनच म्हणालीस, आईला झोपवतेय, नंतर या. जरा तुटकच वाटलीस... म्हटलं, दमली असेल पोर."

"आणि माझ्या हाका?"

काकूंनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "मी विचारलंही तुला, ओरडतंय कोण? म्हणालीस, आई."

रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, "तूच केलं असशील सगळं, आणि विसरली असशील. आईवर गेलीस बहुतेक." आणि हसला.

मला हसू आलं नाही. त्यानंतर बऱ्याचदा वाटलं, तो म्हणतो तसंच असू दे. तसं असतं तर बरं झालं असतं.

बाहेरची कडी मी त्याच रात्री स्क्रू फिरवून काढून टाकली. मदतीला एक बाई ठेवून बघितली. आईने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "ह्या दोघी बहिणी बघतील ना मला," म्हणाली.

मला बहीण नाही.

आई सगळं विसरते. सकाळी काय खाल्लं, ते दुपारी आठवत नाही. पण तो गुरुवार काही केल्या विसरत नाही. चहा घेताना हमखास काढते.

"त्या दिवशी आत कोण होतं गं? फार रडत होती बिचारी."

"मीच होते, आई. निघाले ना बाहेर."

आई कप खाली ठेवते. माझा हात हातात घेऊन थोपटते, लहान पोरीची समजूत घालावी तशी.

"तू कशी असशील? तू तर माझी वेणी घालत होतीस."