गार सोड्याचं गूढ

“अय्या! सोडा गार कसा?” शिट्टीने बाटली गालाला लावली आणि किंचाळली. ती किंचाळली की तीन गल्ल्यांपलीकडची मांजरं झोपेतून ताडकन उठून बसत, म्हणून तर तिचं नाव शिट्टी! “मामा, फ्रिज तर बंद पडलाय ना?”

“जादू!” मामा मिशीतल्या मिशीत हसला. “माझा हात लागला की उकळतं पाणीसुद्धा कुडकुडायला लागतं!”

“कुडकुडायला लागतं!” शिट्टीच्या धाकट्या भावाने, पोपटने, री ओढली.

मामाच्या शिवणखान्यात त्या सुट्टीत इतकं उकडत होतं की कात्र्यांनाही घाम फुटायचा. आणि तिथे गार सोडा? काहीतरी गडबड होती!

“मामा, मी शोधून काढू?” पदकताईने विचारलं.

ही त्यांची मावसबहीण. तिला इतकी पदकं मिळाली होती, की सगळी एकदम गळ्यात घातली तर ती पुढे वाकून नाकावरच आपटली असती!

“तूच शोधशील! पोरगी हुशार आहे,” मामा म्हणाला. “भरतकामाचं नवं मशीन शिकायला एकीलाच मिळणार. जी हुशार ठरेल, ती बसेल!” आणि हात ठेवला तो पदकताईच्या डोक्यावर.

शिट्टीच्या पोटात डबाभर सुया टोचल्या. ते मशीन तिला हवंच होतं. ‘आता बघच,’ ती मनात म्हणाली, ‘हे गूढ मीच सोडवणार. एकटी!’

दुपारी मामा बादलीभर बाटल्या घेऊन मागच्या खोलीत शिरला. शिट्टी फटीला डोळा लावून उभी राहिली. फुस्स्स! खोलीत पांढरा ढग! मामाने आग विझवायचा सिलिंडर उचलला होता, काळ्या भोंग्याचा, आणि तो बाटल्यांवर गार वायू सोडत होता! सिलिंडरची पिन त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत होती.

मामा गेल्यावर शिट्टीने तो सिलिंडर कापडाचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर ठेवला. भरलेल्या सिलिंडरचं वजन त्याच्या अंगावरच छापलेलं होतं. काटा त्याच्या कितीतरी अलीकडे थांबला.

“बाप रे! हा तर संपतच आला!”

सांगावं का? आत्ता? बाहेर तर पदकताई बसली होती. ती लगेच म्हणेल, ‘मला वाटलंच होतं!’ छे! जेवताना सगळ्यांसमोर सांगायचं. शिट्टीने सिलिंडर गुपचूप जागेवर ठेवला आणि तोंड शिवून टाकलं.

मामा माल पोचवायला गेला. मामी अंगणात कपडे वाळत घालत होती. पदकताई इस्त्रीच्या टेबलाशी होती. अचानक भिंतीवरच्या प्लगमधून तडतड ठिणग्या उडाल्या आणि खाली पडलेल्या चिंध्यांनी पेट घेतला!

पदकताईने धावत जाऊन काळ्या भोंग्याचा सिलिंडर आणला. दांडा दाबला. फुस्... आणि पुढे काहीच नाही!

“रिकामा!” ती ओरडली आणि दाराजवळचा दुसरा सिलिंडर घेऊन आली. तो पाण्याचा होता.

पाण्याचा! आणि प्लगमध्ये वीज खेळत होती! पदकताई चुकत होती. क्षणभर, अगदी क्षणभरच, शिट्टीला बरं वाटलं. मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

“थांऽऽऽब!” खिडकीच्या काचा थरथरल्या. “पाणी नको, ताई! वीज चालू आहे! शॉक बसेल!”

पदकताई जागच्या जागी थिजली. शिट्टीने दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. खट्! पंखे थांबले, दिवे गेले.

“पोपट, बाहेर पळ! मामीला बोलाव!”

“मामीला बोलाव!” म्हणत पोपट सुसाट सुटला.

“ताई, आता चालेल! पण दाराकडे पाठ ठेव, आग वाढली तर पळता आलं पाहिजे! पिन ओढ! ज्वाळांच्या शेंड्यावर नको, बुडाशी मार!”

“बुडाशीच मारतेय गं!”

“इकडून तिकडे फिरव!”

पाण्याची धार सुटली. चिंध्या चरचरल्या, धुमसल्या, विझल्या. मामी धापा टाकत दारात पोचली, तेव्हा नुसता धूर उरला होता. तिने दोघींना आधी बाहेर ओढलं आणि मग पोटाशी धरलं.

इतक्यात मामा परतला.

“तो काळ्या भोंग्याचा भरलेला सिलिंडर रिकामा कसा झाला?” पदकताईकडून सगळं ऐकून मामीने विचारलं.

“मामाच्या किल्ल्यांत बघ,” शिट्टी म्हणाली. “त्याची पिन तिथेच आहे. तो त्यातून सोडा गार करतो!”

मामाच्या मिशा चिंब भिजल्यासारख्या खाली लोंबल्या. “चुकलो गं पोरींनो...”

“मीही चुकले,” शिट्टी पुटपुटली. “मला दुपारीच कळलं होतं. ताईला श्रेय मिळेल म्हणून मी गप्प बसले.”

 मग पदकताई हळूच म्हणाली, “मीही तुझा हेवा करते. तू बोललीस की सगळे हसतात. माझी फक्त पदकं मोजतात.”

“हुशार तर दोघीही आहात,” मामी म्हणाली. “एकीने हाक दिली आणि दुसरीने ती ऐकली, म्हणून तर घर वाचलं! पण शिट्टे, अशी गोष्ट पुन्हा पोटात ठेवायची नाही. मशीनवर दोघी बसतील, आळीपाळीने. आणि हे महाशय सिलिंडर भरून आणतील. फ्रिज दुरुस्त होईपर्यंत सोडा प्यायचा तो कोमटच!”

“कोमटच!” पोपट म्हणाला.

पुढच्या आठवड्यात भरलेला सिलिंडर दाराजवळ, सगळ्यांच्या हाताशी आला. वर भिंतीवर लाल दोऱ्याने भरलेली पाटी लागली: ‘हा फ्रिज नाही’. ‘हा फ्रिज’ पदकताईने भरलं होतं, ‘नाही’ शिट्टीने. शेवटी उद्गारचिन्ह मात्र नव्हतं. ते कोणी भरायचं, यावरून दोघींचं अजून भांडण चाललं होतं!