सातव्या दगडाची बैठक

खुशाल जवळ आला की सुई ढळायची.

"तुम्ही जरा मागे सरता का?" ती मान वर न करता म्हणाली.

वावर खुशालचं, विहीर खुशालची, विहिरीतून निघालेला काळ्या दगडाचा ढीगही खुशालचाच… आणि मागे सरायचं कोणी, तर त्यानेच. एरवी वलगावात त्याला असं सांगायची कोणाची छाती नव्हती. पण पांढऱ्या सुती साडीतली एक अनोळखी मुलगी भर दुपारी आपल्या विहिरीच्या काठावर उकिडवी बसून मुठीएवढ्या डबीत टक लावून बघते आहे, हे दृश्यच असं होतं की भांडण सुचेना.

"काहून सरू?" त्याने विचारलं.

"तुमच्या येण्याने सुई फिरते."

"माया येण्यानं आजवर कोनी फिरलं नाई."

तेव्हा कुठे तिने मान वर केली. "खिशात काय आहे?"

त्याने खिशात हात घातला. अडकित्ता निघाला.

"लोखंड," ती म्हणाली. "तो त्या बाभळीखाली ठेवून या."

तो ठेवून आला, आणि आधीपेक्षा हातभर जवळच येऊन बसला. "आता?"

"आता सुई ठीक आहे," ती म्हणाली. बाकीच्याबद्दल ती काही बोलली नाही.

साल अठ्ठावन्न, महिना मार्चचा, वार रविवार. परतवाड्याहून अमरावतीला जाणारी मोटार वलगावच्या अलीकडे बंद पडली होती. बाकीचे उतारू लिंबाच्या सावलीत ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत बसले, आणि ही एकटी वावरातला दगडाचा ढीग बघून इकडे वळली. चारुशीला तिचं नाव. अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांची मुलगी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. आदला दिवसभर ती डोंगरात दगड शोधत हिंडली होती, पण वरचा दगड सगळा कुजलेला. विहिरीच्या पोटातला ताजा दगड तिला हवा होता.

"एवढा ढीग पडला हाय," खुशाल म्हणाला. "गाडीभर न्या."

"ढिगातला नको. एकदा जागेवरून निघालेल्या दगडाला दिशा विचारून उपयोग नाही. जागेवर असतानाच त्याच्यावर उत्तरेची खूण करायची आणि मग काढायचा."

"दगडाले दिशा मालूम राह्यते?"

"दगडालाच राहते. माणसं विसरतात."

खुशाल मॅट्रिकपर्यंत शिकलेला होता. वडील किसनराव गेले म्हणून पुस्तकं सुटली आणि वखर हाती आला. पण 'काहून' हा प्रश्न काही सुटला नव्हता. ढग काहून येतात, कापसावर बोंडअळी काहून पडते, अमुक ठिकाणीच पाणी काहून लागतं… आईला, गोदाबाईला, या 'काहून'चा भारी कंटाळा. आता त्याला असं कोणी भेटलं होतं, की ज्याच्याकडे उत्तरं होती.

सोमवारी ती आठवड्याची रजा टाकूनच आली. गोदाबाई राखणीला विहिरीच्या काठावर कापूस निवडत बसली, आणि शिडीवरून दोघं खाली उतरली.

तळाशी गार होतं. भिंतीतून पाणी पाझरत होतं, आणि वरून उजेडाचा एक गोल तुकडा खाली उतरला होता. चारुशीलाने पदर कमरेला खोचला, भिंतीतला एक सुटा होऊ पाहणारा दगड निवडला, होकायंत्र धरलं, खडूने त्यावर बाण काढला, आकडा घातला, दगड किती कललेला आहे ते मोजलं आणि वहीत टिपलं. मग खुशालने पहारीने अलगद तो सैल करून काढला.

"आता सांगा," तो म्हणाला, "याले उत्तर कशी मालूम?"

"हा दगड एकेकाळी रस होता. तापलेला, वाहणारा. त्यात लोखंडाचे बारीक कण. रस निवत आला तेव्हा प्रत्येक कण होकायंत्राच्या सुईसारखा त्या वेळच्या उत्तरेकडे वळला, आणि दगड घट्ट झाला तसा तिथेच अडकला. सहा-सात कोटी वर्षं झाली याला."

"मंग ते कन अजून उत्तरेकडेच असतीन."

"हीच तर गंमत आहे." तिचे डोळे लकाकले. खुशालला वाटलं, असं कोणी आपल्याकडे बघून लकाकलं असतं तर… "नसतात. घाटातले असले दगड मोजलेत. त्यांची उत्तर आजच्या उत्तरेपेक्षा चांगली पंचवीस-तीस अंश डावीकडे निघाली. आणि सुई उत्तरेला खाली झुकायची, ती वर आभाळाकडे तोंड करते. तसं फक्त विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं."

खुशालने पायाखालच्या खडकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे हे वावर… तठी होतं? खाली?"

"वावर, वलगाव, अमरावती, सगळं. तिथून सरकत आलं आणि येता येता डावीकडे फिरलं."

"आन पटवाऱ्याले काई खबरच नाई."

ती हसली. विहिरीत हसू घुमतं. ते चांगलं दोनदा ऐकू आलं.

दुपारी गोदाबाईच्या चुलीपाशी तिने तेच पुन्हा दाखवलं. तव्यावरच्या भाकरीवर नखाने रेघ ओढली, आणि भाकर बोटांनी सरकवून थोडी वळवली. "बघा, रेघ भाकरीबरोबर फिरली. रेघ कुठे बघते ते पाहिलं की भाकर किती फिरली ते कळतं."

"कळलं," गोदाबाई म्हणाली. "पन भाकरीले नखं नका लावू, बाई."

यात चारुशीलाचं काय अडलं होतं, तेही खुशालला त्याच दिवशी कळलं. वऱ्हाडातला दगडही घाटातल्यासारखंच सांगतो का, हे तिला बघायचं होतं. मुंबईच्या संशोधन संस्थेचे एक साहेब शनिवारी अकोल्याच्या विश्रामगृहात येणार होते. एका जागेचे सात दगड, सातांवर नीट खुणा, असं घेऊन ती गेली तर दोन वर्षं मुंबईला राहून ते मोजायची जागा तिची. सहा चालणार नाहीत. एखादा दगड खोटं बोलतो आणि ते सातांत उघडं पडतं. बापूसाहेबांनी बजावलं होतं, "जमीन चालते म्हणतेस, मग पुरावा आण. साहेबांनी घेतला तर जा मुंबईला. नाही तर हे दगडगोटे सोड आणि कॉलेजात शिकव."

म्हणजे सात दगड निघाले की ती जाणार. खुशालने ते ऐकलं, आणि पुढचा दगड त्याने इतका हळू काढला की गोदाबाईने वरून विचारलं, "झोपला का रे?"

मंगळवारी संध्याकाळी सात पुरे झाले. दगड ओले होते, त्यांवर रंग धरेना. "रात्रभर वाळू देत. सकाळी खडूच्या खुणांवर रंगाने गिरवू," असं म्हणून ती मोटारीने गेली.

बुधवारी सकाळी ती आली तेव्हा अंगणात सात दगड ओळीने मांडलेले होते. काथ्याने घासून, राखेने माजून, स्वच्छ धुऊन. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट.

"मुंबईले चालले," गोदाबाई कौतुकाने म्हणाली. "आमच्या घरून मळकी चीज परक्याच्या दारात जात नाई. तो पांढरा खडूही लागला होता जागोजागी, तो पायजे तसा निघाला."

चारुशीला मटकन ओट्यावर बसली. कोणता दगड कितवा, वर कोणती बाजू होती, बाण कुठे… काहीच उरलं नव्हतं. ती रडली नाही. गोदाबाईला एक शब्द बोलली नाही. फक्त कुंकवाचं बोट लावलेला एक दगड मांडीवर घेऊन बसून राहिली. खुशालला ते बघवेना.

"बाई," तो म्हणाला, "तुमी रविवारपासून सांगून राहिल्या का दगडाले आपली जागा मालूम राह्यते. मंग त्याले त्याच्या जागी नेऊन बसवू. ज्या खोबनीतून निघाला तिच्यात तो एकाच बाजूनं बसन. उलटा बसनार नाई. मंग पुन्हा बान काढा."

तिने वर पाहिलं. या वेळी डोळे त्याच्याकडे बघूनच लकाकले.

पहारीने निघण्याजोगे दगड भिंतीत सातच होते; बाकीच्यांना सुरुंग लागला असता, आणि विहीर खोल करायला सुरुंगवाले येणार ते रविवारी. शनिवारच्या आत काय ते या सातांतूनच व्हायचं होतं. दोघं पुन्हा उतरली. दगड उचलायचा, भिंतीशी धरायचा, फिरवायचा, कलवायचा. कधी कडा जुळायची आणि पोट अडायचं. कधी दोघांचे हात एकाच दगडाखाली यायचे, आणि मग दगड जरा जास्तच जड वाटायचा.

"तुमची बोटं काढा, चेंगरतीन."

"तुमची आधी काढा."

"मी धरून राहिलो ना."

"मीही धरूनच राहिलेय."

आणि मग टक् असा बारीक आवाज होऊन दगड बसायचा. केस मावणार नाही असा. त्या आवाजासरशी दोघं एकमेकांकडे बघायची आणि लगेच दुसरीकडे बघायची. बुधवारी चार बसले. प्रत्येकावर तिने या वेळी आधी कापडाने पुसून, सुकवून रंगाचाच बाण काढला. गुरुवारी सकाळी आणखी दोन.

गुरुवारी दुपारी ती जेवायला वर गेली, तेव्हा खुशाल सातवा दगड घेऊन एकटाच खाली थांबला. पूर्वेच्या भिंतीत, पाझराच्या जरा खाली, त्याने सहज लावून पाहिला.

टक्.

तो हाक मारणार होता. तोंड उघडलंही होतं. पण मग त्याला शनिवार दिसला, अकोला दिसलं, तिथून मुंबईला जाणारी गाडी दिसली. त्याने दगड बाहेर काढला. तळाचा चिखल उचलून खोबणीत लिंपला, आणि हात धुतले.

ती परत आल्यावर त्याने पश्चिमेच्या भिंतीत शोधायला सुरुवात केली. गुरुवार गेला. शुक्रवारची सकाळही गेली. मध्येच ती म्हणाली, "थकलात का, खुशालराव? आज बोलत नाही." तो म्हणाला, "नाई." आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे विचारायला एकही 'काहून' नव्हता; जो मनात होता त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

शुक्रवारी तीनच्या सुमाराला तिच्या बोटाला कपारीची धार लागली. रक्त आलं. तिने पदराचं टोक दाबलं आणि पुन्हा दगडाला हात घातला, तक्रार न करता. खुशाल उठला. ओल्या फडक्याने पूर्वेची भिंत पुसली आणि मागे न वळता म्हणाला, "इथी पाहा बरं."

दगड बसला. तिने बाण काढला. "बरं झालं सापडली," एवढंच म्हणाली, आणि अशी काही हसली की त्याला त्या हसण्याचा अर्थच लागेना.

शेवटची मोटार निघून गेली होती. खुशालने बैलगाडी जुंपली, पेटीत सरकीच्या गादीवर सात दगड ठेवले, आणि गोदाबाईला सोबत घेऊन दिवेलागणीला बापूसाहेबांच्या दारात गाडी उभी केली.

बापूसाहेबांनी चष्मा लावून एकेक दगड बघितला. वकिलाची नजर, सातव्यावर थांबली. "याचा रंग अजून ओला आहे."

"हा आज सापडला," चारुशीला म्हणाली.

"सहा दगड दीड दिवसात आणि सातव्याला पुन्हा दीड दिवस? त्यात असं काय होतं?" प्रश्न खुशालला होता.

खुशाल सहज म्हणू शकला असता, जागा अवघड होती. पण ती समोर उभी होती, बोटाला चिंधी बांधलेली. असल्या बोटासमोर खोटं कसं बोलायचं?

"अवघड काई नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "काल दुपारीच सापडली होती जागा. मीच चिखल लावून दाबून ठेवली."

"का?"

गोदाबाईने पदर तोंडाला लावला. खुशाल थांबला नाही.

"बाई मुंबईले जातीन म्हनून. मले ते सोसत नव्हतं. मंग पायलं का जागा न सापडनं त्याईले नाई सोसत. त्याईचा हात फुटला तरी त्या शोधूनच राहिल्या. म्हनून सांगतलं. चूक माई हाय… त्याईच्या दगडात काई खोट नाई."

बापूसाहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती रागावेल, निदान चकित होईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. चारुशीला पेटीचा काठ चाचपत उभी होती.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली.

खुशालने मान झटकन वर केली.

"काल संध्याकाळीच दिसलं. चिखलावर पाच बोटं उमटली होती. त्या विहिरीत दोघंच उतरतो आम्ही, आणि ती बोटं माझी नव्हती."

"मग काल का बोलली नाहीस?" बापूसाहेब म्हणाले. "आजचा अख्खा दिवस खोट्या भिंती चाचपत बसलीस? अकोल्याची गाडी उद्या सकाळची, हे ठाऊक असताना?"

चारुशीला कानापर्यंत लाल झाली आणि खुशालकडे बघत राहिली, नजर न काढता. तीस वर्षांच्या वकिलीत बापूसाहेबांना इतकं सरळ उत्तर कोणी दिलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आधी गोदाबाईला बसायला पाट दिला. मग म्हणाले, "मुंबईला ही जाणार. दोन वर्षं. त्यात बदल नाही."

"जाऊच द्या," खुशाल म्हणाला. "मी थांबतो."

"मी तुम्हाला थांबा म्हटलेलं नाही."

"नाई म्हटलं, साहेब. तरी थांबतो."

बापूसाहेबांनी पेटीला हात घालून जोर लावून पाहिला. आतून दिवा आला.

"सकाळी सहाला निघायचं," शेवटी ते म्हणाले. "मीही येतोय अकोल्याला. पेटी जड आहे, माझ्याच्याने उचलणार नाही. तुम्ही आज रात्री इथेच राहा."

चारुशीला ताटं घ्यायला आत वळली. उंबऱ्याशी थांबून तिने मागे पाहिलं. "खुशाल," ती म्हणाली, राव न लावता, "हात धुऊन घ्या."